बसवलेलं मांजर

राजुल येणार असल्याचं कळलं, तेव्हा महानंदाकाकींनी सगळ्यात आधी मांजराला शोधलं. ढब्बू न्हाणीच्या पत्र्यावर ऊन खात पडला होता. गळ्यातल्या पट्ट्यावरचा बारीक दिवा हिरवा होता, नाक ओलं होतं आणि पोट नावाला साजेसंच होतं. काकींनी त्याला खाली बोलावलं, वाटीत दूध ओतलं आणि तो पीत असताना त्याच्याकडे बघत बसल्या. लेक येणार म्हटल्यावर आया लाडवांचं पीठ भाजायला घेतात. गडहिंग्लजात मात्र गेली काही वर्षं त्याआधी मांजर बघायची रीत पडली होती.

ही रीत मुक्या तापानं पाडली. मुका ताप हे लोकांनी दिलेलं नाव. शास्त्रज्ञांनी दिलेलं नाव इतकं लांबलचक होतं, की बातम्या सांगणाऱ्यांनाही ते एका दमात म्हणता येत नसे. या तापाचा विषाणू नाकात, घशात थांबतच नसे. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसे आणि आठ-नऊ दिवस तिथं गुपचूप वाढत राही. तेवढ्या काळात माणसाला ना ताप, ना खोकला. नाकातून नमुना घेतला तर काही सापडत नसे. रक्तात पत्ता लागे तोही अगदी शेवटी, लक्षणं दिसायच्या आदल्या दिवशी वगैरे. पण श्वासावाटे रोग पसरायला पहिल्या दिवसापासूनच सुरुवात झालेली असे. तरुण माणसं बहुधा चार दिवस तळमळून उठून बसत. ज्यांची फुप्फुसं आधीच कामातून गेलेली, ती उठत नसत.

मांजरापुढे मात्र या विषाणूची लबाडी चालत नसे. तो ज्या पेशींना चिकटतो, त्या माणसात फुप्फुसाच्या तळाशी असतात आणि मांजरात अगदी नाकाच्या शेंड्यापाशी. त्यामुळे लागण झालेल्या माणसाबरोबर मांजर एका बंद खोलीत राहिलं, की दोन दिवसांच्या आत ते शिंकायला लागे आणि तापानं फणफणे. ताप मोजणारा पट्टा बाजारात आला आणि मग लोकांना कुणी काही शिकवावं लागलं नाही. परगावाहून येणाऱ्यानं पुढच्या खोलीत मांजराबरोबर दोन रात्री काढायच्या. मधलं दार बंद. जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवायचं आणि लांब व्हायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा हिरवा असला, तर दार उघडायचं आणि मग पाहुणा घरात. नवरात्रात घट बसवतात, तसं लोक याला मांजर बसवणं म्हणू लागले. 'जावयाचं मांजर बसलंय, आज काय मी येत न्हाई,' असं बायका नळावर सहज सांगायच्या. स्थळ बघायला गेलं तर मुलीकडे मांजर आहे का, याची चौकशी आधी होई.

महानंदाकाकींना तर मांजरावाचून गत्यंतर नव्हतं. नवरा गेल्यावर त्यांनी बाजारपेठेत मिरची कांडपाचं यंत्र टाकलं आणि उमेदीची सगळी वर्षं तोंडाला पदर बांधून संकेश्वरी मिरची कांडली. राजुल त्यावरच शिकली, नर्स झाली आणि पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात मुक्या तापाच्याच वॉर्डात लागली. काकींच्या फुप्फुसांत तोवर मिरचीची धूळ कायमची राहायला आली होती. जिना चढला तरी त्यांना मधल्या पायरीवर टेकावं लागे. म्हणजे ज्या लेकीला जवळ घ्यायचा जीव होई, नेमकी तीच लेक घरात घ्यायला सगळ्यांत धोक्याची.

गेल्या दिवाळीला राजुल आली होती. तेव्हा चिंगी नावाची मांजरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच दिवा लाल झाला. राजुलनं बंद दारातूनच "आई, जाते गं" म्हटलं आणि आली तशी बाहेरच्या बाहेर निघून गेली. काकींनी खिडकीतून तिची पाठ पाहिली. राजुल आठवड्याभरात बरी झाली. चिंगी चार दिवस काकींच्या मांडीवर धापा टाकत होती. काकी जैन घरातल्या. पाणी गाळून प्यायच्या, दिव्यावर किडा येऊन मरू नये म्हणून दिवस मावळायच्या आत जेवायच्या. त्यांनी शेवटी चिंगीच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण त्या खोलीत तिला त्यांनीच कोंडलं होतं.

आणि आता राजुल पुन्हा येणार होती.

नेमकी त्याच आठवड्यात लस आली. माणसाच्या रोगावरची पहिली लस मांजरांना मिळाली म्हणून लोकांनी पोटभर चेष्टा केली, पण त्यात शास्त्रज्ञांचाही इलाज नव्हता. मांजराच्या नाकात दोन थेंब सोडले की तिथल्या तिथं संरक्षण तयार होई आणि विषाणू दारातच अडे. माणसाच्या फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारं संरक्षण अजून कुणाला जमलं नव्हतं. त्याच्या चाचण्या चालू होत्या आणि चालूच होत्या.

गावचे पशुवैद्य डॉक्टर मलगोंडा नाईक यांनी बाजारपेठेतल्या चौकात टेबल मांडलं. मांजरं थोडी आली आणि माणसं फार.

"आमच्या घरातली घंटाच काढून न्यायला आलाय म्हणा की," काकींची शेजारीण कल्लव्वा म्हणाली. "लस घातल्यावर मांजराला ताप येणार न्हाई. मग पावण्याच्या पोटात काय हाय ते आम्हाला कळायचं कसं?"

"मावशी, तुमची घंटा वाजती तवा मांजर मरतंय," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही काय करतासा? दिवा लाल झाला की त्याला बाहेर हाकलतासा. ते पत्र्यावरनं चार घरं हिंडून मरतंय. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत जे आजोबा गेले, त्यांच्याकडं वर्षभर कोण पावणा आला न्हवता. त्यांना ताप कुणी आणून दिला?"

"म्हणजे मांजर वाचवायचं आणि माणूस मारायचा?"

"माणूस वाचावा म्हणूनच मांजर वाचवायचं, असं म्हणालोय मी."

दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे वाद काही मिटला नाही. लस घेतलेल्या मांजराच्या कानात आतून एक निळा ठिपका गोंदत होते. असलं मांजर चुकून कुणी बसवू नये म्हणून ही खूण. त्याचा दिवा कधी लाल होणारच नव्हता, समोर कुणीही येऊन राहिलं तरी.

संध्याकाळी राजुलचा फोन आला.

"आई, ढब्बूला लस दिली नाहीस ना?"

"अजून न्हाई."

"अजून नाही म्हणजे? देऊ नकोस. दिलीस तर मी येणार नाही, आत्ताच सांगते. मला वॉर्डात रोज लागण होऊ शकते आणि मला कळणारसुद्धा नाही. गेल्या वेळी चिंगी नसती तर तू नसतीस."

"व्हय, खरं हाय," काकी म्हणाल्या. ढब्बू त्यांच्या पायाशी येऊन अंग घासत होता. त्याला काय कळत होतं? त्याला दूध कळत होतं आणि काकी कळत होत्या.

काकींनी दोन दिवस विचार केला, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर त्यांनी विचार केला नाही, नुसती ओढ सोसली. राजुलच्या केसांना तेल लावावं, तिला शेजारी घेऊन झोपावं, जेवताना तिच्या ताटाकडे बघावं, एवढंच त्यांच्या मनात फिरून फिरून येत होतं. त्याच्या आड एका वेळी ढब्बू येई, एका वेळी चिंगी. तिसऱ्या दिवशी त्यांनी ढब्बूला टोपलीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

"राजुलताई येणार होत्या न्हवं, काकी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुढं ढकललंय तिनं," काकी म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्या भिंतीकडे बघून बोलल्या. डॉक्टर थेंब मोजण्यात गुंतले होते म्हणून निभावलं.

घरी येऊन त्यांनी हळद कालवली आणि ढब्बूचा कान आतून चांगला जाड लिंपून टाकला.

राजुल दुपारी आली. तोंडावर मास्क, खांद्याला पिशवी, डोळ्यांखाली काळं. लांबूनच हात हलवून ती पुढच्या खोलीत शिरली आणि तिनं दार लावून घेतलं. मधल्या दाराच्या अलीकडे काकी पाट टाकून बसल्या.

"ढब्बूच्या कानाला काय झालंय गं?"

"कल्लव्वाच्या बोक्याशी भांडून आलाय. हळद धुऊ नगंस, डॉक्टरांनी सांगितलंय."

"बरं," राजुल म्हणाली आणि झोपली. वॉर्डातल्या नर्सेस सुट्टीला घरी येतात आणि आधी झोपतात. काकी दाराला कान लावून तिचं घोरणं ऐकत राहिल्या. राजुल लहानपणी घोरत नसे. मध्येच उठून तिनं ताट संपवलं, पुन्हा झोपली, पुन्हा उठली, दाराला टेकून वॉर्डातल्या दोन गमती सांगितल्या. ज्या गमती नव्हत्या त्या सांगितल्या नाहीत. मधल्या दाराच्या फळीला एक फट होती. तिच्यातून काकींना लेकीची टाच दिसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतून ओरडणं ऐकू आलं, "आई, हिरवा आहे! हिरवा!"

काकींनी कडी काढली. राजुल धावत आली आणि गळ्यात पडली. त्या क्षणी काकींनी श्वास रोखून धरला. त्यांनी ठरवून धरला नव्हता, शरीरानंच धरला. फुप्फुसांना आपला जीव प्यारा असतो. राजुलचे केस त्यांच्या नाकाशी होते, तिचा हात पाठीवर होता. मग काकींनी श्वास सोडला आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसून मुद्दाम खोलवर घेतला.

पुढचे दोन दिवस त्या घरात नुसता सण होता. काकींनी खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, शिजवली. अंगणात बसून राजुलच्या केसांना तेल चोपडलं, गुंता काढताना "पुण्यात फणी मिळत न्हाई वाटतं" म्हणून रागावल्या, आणि राजुल "आई गं, हळू" म्हणून शाळेतल्यासारखी ओरडली. रात्री दोघी एका अंथरुणावर. राजुलनं पाय अंगावर टाकला, तो जड झाला तरी काकींनी हलवला नाही. ढब्बू दोघींच्या मधे येऊन गोल झाला. इतकं सुख काकींना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं आणि ते चोरीचं आहे हे त्यांना क्षणभरही विसरता येत नव्हतं. विसरता येत नव्हतं म्हणून ते कमी गोड लागत होतं, असं मात्र नाही.

पुढल्या दिवशी दुपारी काकी सोप्यात शेंगा फोडत होत्या. राजुल आपली औषधांची पिशवी घेऊन ढब्बूला मांडीवर घेऊन बसली. हळदीचे पोपडे सुटायला लागले होते. जखम चिघळली नाही ना एवढं बघावं, म्हणून तिनं ओल्या कापसानं कान पुसला. नर्स ती, हात स्वस्थ कसा बसणार? कानात जखम नव्हती. ओरखडासुद्धा नव्हता. हळद निघाली आणि खाली निळा ठिपका राहिला. तिनं पुन्हा पुसला.

"आई, हे काय आहे?"

काकींनी शेंगांवरून मान वर केली नाही.

"कधी दिलीस लस?"

"तू यायच्या आधी."

राजुल उठली, तिनं पिशवीतून मास्क काढला, तोंडावर चढवला आणि तशीच उभी राहिली. मग हळूच काढून खाली टाकला. दोन रात्री आईच्या कुशीत झोपल्यावर आता मास्क कशाला?

"चिंगी माझ्या मांडीवर गेली राजुल," काकी म्हणाल्या. "तडफडून गेली. ह्यालाबी तसंच कोंडायचं? माझ्यानं हुईना."

"मग मला सांगायचं होतंस. मी आले नसते."

"म्हणून तर सांगितलं न्हाई."

"आणि तुला काही झालं तर?"

"माझं वय झालंय. लेकीच्या केसाला तेल लावून मेलो तर काय वाईट हाय?"

पुण्यात राहून राजुल 'जाते-येते' म्हणायला शिकली होती. काकी अजून गडहिंग्लजच्या बायकांसारख्या 'जातो-येतो'च म्हणत. एरवी राजुल त्यावरून हसली असती.

"तू मरशील, सुटशील," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ? वॉर्डात रोज कुणाची तरी लेक माझ्यापुढं उभी असते. मी तिला सांगते, तुझ्यामुळं नाही झालं गं. खोटंच सांगते, त्यांच्यामुळंच झालेलं असतं. मला कोण सांगणार होतं तसं? तू तर नसतीस."

काकींच्या हातातली शेंग तशीच राहिली. याचा त्यांनी खरोखरच विचार केला नव्हता. त्यांनी आपला जीव पणाला लावला होता आणि तो आपलाच आहे असं धरून चालल्या होत्या.

राजुल परत गेली नाही. आता जाऊन उपयोग नव्हता. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि आईला ताप आलाच, तर जवळ कुणी हवं होतं. तिनं फोन करून सुट्टी वाढवून घेतली आणि दोघी एका घरात वाट बघू लागल्या. काकींना हवं होतं ते अशा तऱ्हेनं मिळालं: लेक घरात, दिवसचे दिवस. पण राजुल पुढच्या खोलीत झोपू लागली. सकाळ-संध्याकाळ येऊन आईच्या बोटाला चिमटा लावी, रक्तात प्राणवायू किती आहे ते बघे, ताप बघे आणि निघून जाई. जेवण चांगलं झालं तरी चांगलं झालं म्हणत नसे. ढब्बूवर तिनं राग काढला नाही. त्याला ती मांडीवर घेऊन तासन्‌तास बसे.

एका सकाळी काकींनी चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या. नेहमीचा ठसका लागला. कांडपवाल्या बाईचा तो रोजचाच खोकला, त्यात नवं काही नव्हतं. पण पुढच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि राजुल धावत आली. अर्धवट विंचरलेले केस, हातात तो चिमटा. तिनं आईचं बोट पकडलं आणि घाईत चिमटा उलटाच लावला.

"मिरचीचा हाय गं," काकी खोकत म्हणाल्या. "मिरचीचा ठसका हाय, बाळ. बघ की, तवा बघ."

राजुलनं तवा बघितला. मग ती तिथंच चुलीपुढं खाली बसली आणि रडली. काकींनी तिच्या पाठीवरून हात फिरवायला पुढं केला आणि मागं घेतला. हात लावायचा हक्क आपण गमावलाय असं त्यांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या खोकल्याचा राग आला.

तापाचे ते आठ-नऊ दिवस भरले. राजुलनं दोघींचं रक्त काढून तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला. दोघींच्याही रक्तात काही नव्हतं. राजुल आली तेव्हाही निरोगीच आली होती. ढब्बूला लस दिली नसती, तरी दिवा हिरवाच राहिला असता.

"बघ!" काकी एकदम उजळून म्हणाल्या. "काय झालं का? उगाच जिवाला घोर लावून घेतलास. देवाला काळजी."

राजुलनं निकाल दोनदा वाचला, फोन खिशात ठेवला आणि कपडे भरायला घेतले. काकींनी डब्यात चटणी भरली, शेंगा भरल्या, उरलेला तिळाचा लाडू कागदात बांधला. संध्याकाळची गाडी होती. रिक्षा दारात येऊन उभी राहिली.

राजुल पाया पडली आणि मग तिनं आईला मिठी मारली. ही मिठी फार वेळ टिकली. रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न वाजवला, तरी तिनं सोडलं नाही. आणि काकींना त्या लांबलेल्या मिठीतच काहीतरी कळलं, म्हणून त्या घाईनं बोलू लागल्या.

"दसऱ्याला येशील न्हवं?"

"माणसांची लस निघाली की येईन."

"ती कधी निघायची? एवढे दिवस काय करू मी?" काकींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "मी दुसरं मांजर आणतो. लस न दिलेलं. पुन्हा असं करत न्हाई, महावीराची आण. बसवतो म्हणजे बसवतो. त्याचं काय व्हायचं ते होऊ दे, मी बघत बसणार न्हाई. आणि आल्या आल्या तू त्याचा कान बघून घे, हवं तर पट्टाबी तूच आण. मग तर झालं?"

राजुलनं आईकडे बघितलं. राग निवून गेला होता. त्यापेक्षा राग असता तर बरं, असं काकींना वाटलं.

"मांजराचा कान बघता येतो, आई," ती म्हणाली. "तुझं काय बघू?"

महानंदाकाकींनी तिचा हात सोडला.